बोटांचा प्रश्न कोणत्या सत्रात बसतो?

तुमच्यापैकी बरेच जण येत्या वर्षभरात पहिल्यांदा एखाद्या तांत्रिक परिषदेला जातील. कोणी पोस्टर घेऊन, कोणी नुसतंच गाइडबरोबर. तिथे हातात पडणारी कार्यक्रमपत्रिका जरा नीट वाचा. बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी, जेवणानंतर आणि निरोपाच्या चहाआधी एक सत्र असतं: ‘तंत्रज्ञान आणि समाज’, किंवा त्याच अर्थाचं काहीतरी. पाच वक्ते, चाळीस मिनिटं, अर्धा रिकामा हॉल. लांबून आलेल्यांनी गाडी पकडायला बॅगा भरलेल्या असतात.

या सत्राचा उपयोग काय, आणि ते असावं का, हा आजचा विषय आहे. माझं उत्तर आधीच सांगते. सामाजिक प्रश्नांवर तांत्रिक परिषदेत चर्चा व्हायलाच हवी, पण या सत्रात नको. ती मुख्य सत्रात, पेपरच्या प्रश्नोत्तरांत व्हायला हवी. तिथे ती झाली नाही तर पेपर अपुरा राहतो. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाहीये, यात संशोधनाच्या पद्धतीचा मुद्दा आहे.

एका प्रश्नाची फेरी

दोन वर्षांपूर्वी आपल्याच पिंपरी-चिंचवड पट्ट्यात सेन्सर आणि ऑटोमेशनवर एक दोन दिवसांची परिषद होती. मी पोस्टर घेऊन गेले होते. सकाळच्या सत्रात पॉवर प्रेसवरच्या सुरक्षेचा पेपर होता. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा लावायचा, ज्याला शॉपमध्ये लाइट कर्टन म्हणतात. किरण तुटला, म्हणजे हात आत गेला, की मशीन थांबवायचं. त्याला कॅमेऱ्याची जोड दिली होती, खोटे अलार्म कमी झाले होते. आलेख व्यवस्थित होते, टाळ्या झाल्या.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. डिप्लोमानंतर दोन वर्षं भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये काम करून तो डिग्रीला आला होता. त्याने विचारलं, “सर, आमच्याकडे सगळे पिन क्लचचे प्रेस होते. त्यांच्यावर हे कसं चालेल?”

सत्राध्यक्ष म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. पण जुन्या मशीन्सचा, छोट्या वर्कशॉपचा विषय सामाजिक-आर्थिक आहे. संध्याकाळच्या पॅनलमध्ये घ्या.”

पोरगं चिवट होतं. संध्याकाळी पुन्हा उठलं. पॅनलवरचे एक पाहुणे म्हणाले, “हा फारच तांत्रिक प्रश्न आहे. सकाळच्या सत्रात विचारायला हवा होता.”

लोक हसले, मीही हसले. घरी येताना मात्र हसू गेलं, कारण त्या दिवशी हॉलमध्ये विचारलेला सगळ्यात नेमका तांत्रिक प्रश्न तोच होता.

पिन क्लच म्हणजे नेमकं काय

ज्यांनी प्रेस बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यांत्रिक पॉवर प्रेसमध्ये एक जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. क्लच गुंतला की ती ऊर्जा रॅमला मिळते, रॅम खाली येतो आणि डायमध्ये ठेवलेला पत्रा कापला किंवा वाकवला जातो. गाडीतले छोटे ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर असेच बनतात.

क्लच ढोबळपणे दोन प्रकारचे असतात. फ्रिक्शन क्लच हवेच्या दाबावर चालतो आणि सोबत ब्रेक असतो, त्यामुळे रॅम अर्ध्या वाटेत थांबवता येतो. पिन किंवा की क्लचमध्ये एक खिट्टी खाचेत बसते, आणि एकदा बसली की पूर्ण फेरा झाल्याशिवाय सुटत नाही. रॅम खाली यायला निघाला की निघाला. मध्ये कोणी काहीही केलं तरी तो थांबत नाही.

आता सकाळचा पेपर आठवा. लाइट कर्टनने हात ‘पाहिला’, सिग्नल दिला, सगळं काही मिलिसेकंदांत झालं. पण थांबायची सोयच नसलेल्या मशीनला तो सिग्नल द्यायचा कशासाठी? म्हणूनच पूर्ण फेऱ्याच्या क्लचवर अशी हात ओळखणारी यंत्रणा संरक्षण म्हणून वापरायला अमेरिकेतल्या ओशाच्या नियमांत मनाई आहे. तिथे वेगळे उपाय लागतात: डायभोवती बोट जाणारच नाही इतक्या बारीक फटीचं पक्कं गार्ड, बंद केल्याशिवाय स्ट्रोक सुरूच होणार नाही असं गेट, जॉब आत ठेवायला चिमटा किंवा मॅग्नेट, नाहीतर क्लचच बदलणं.

म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर होतं, ‘चालणार नाही.’ आणि ते उत्तर पेपरमध्ये, मर्यादांच्या परिच्छेदात, पहिल्या ओळीत असायला हवं होतं. ‘कोणत्या वर्कशॉपमध्ये कोणतं मशीन आहे’ ही गोष्ट सामाजिक-आर्थिक आहे हे खरंच. छोटा व्हेंडर सेकंड हँड प्रेस घेतो, कारण जॉबवर्कचा दर तेवढाच मिळतो. पण त्याच गोष्टीवर तुमचा सेन्सर काम करणार की नाही हे ठरतं. तिला दुसऱ्या सत्रात ढकललं तर पेपरमधलं ‘प्रेस’ हे एक काल्पनिक मशीन होऊन बसतं.

सूत्रात लपलेला माणूस

फ्रिक्शन क्लचच्या चांगल्या मशीनवर तरी प्रश्न सुटतो का? लाइट कर्टन डायपासून किती लांब लावायचा याचं एक सोपं सूत्र आहे. हाताचा वेग गुणिले यंत्रणेला थांबायला लागणारा एकूण वेळ, अधिक थोडं जादा अंतर. हाताचा वेग मानकांमध्ये सेकंदाला १.६ ते २ मीटर धरतात. यंत्रणेला थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर २ मीटरच्या हिशोबाने अंतर झालं ४० सेंटिमीटर, वर जादा अंतर वेगळं. ब्रेक झिजला की थांबायचा वेळ वाढतो, म्हणजे अंतरही वाढवायला हवं.

आता ऑपरेटरच्या जागी बसून बघा. प्रत्येक जॉब ठेवताना हात तेवढा लांब न्यायचा आणि तेवढाच परत आणायचा. समजा यात दर स्ट्रोकला अर्धा सेकंद जास्त गेला आणि शिफ्टला ४,००० स्ट्रोक आहेत. २,००० सेकंद झाले, म्हणजे तेहेतीस मिनिटं. टार्गेट पूर्वीचंच असेल तर ही तेहेतीस मिनिटं आणायची कुठून? मग पडदा पुढे सरकवला जातो किंवा बंदच केला जातो. दोन हातांनी दाबायची बटणं असतील तर त्यातलं एक पट्टीने बांधून टाकलं जातं. याचसाठी चांगल्या दोन-हाती नियंत्रणात दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक सुरू होतो. आणि समोरच्या बाजूला तयार जॉब उचलणारा हेल्पर उभा असेल तर? दोन बटणं एकाच माणसाचे दोन हात वाचवतात. हेल्परचे हात मोकळेच राहतात.

टार्गेट किती, शिफ्ट किती तासांची, हेल्पर आहे की नाही, ब्रेक तपासायला माणूस नेमलाय का, हे सगळे प्रश्न आपण ‘सामाजिक’ या खणात टाकतो. पण सूत्रातल्या प्रत्येक अक्षराची किंमत त्यांच्यावर अवलंबून आहे. आपण त्यांना गृहीतकांत दडवतो, आणि गृहीतक एकदा लिहून टाकलं की त्याच्याकडे कोणी फिरून बघत नाही.

ज्यांनी मोजलं त्यांच्याकडून काय शिकायचं

हा प्रश्न फक्त भोसरी-चाकणचा नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही आयआयएम अहमदाबादच्या माजी विद्यार्थ्यांनी सुरू केलेली संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाची अहवालमालिका काढते. विषय एकच: वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत चिरडले जाणारे हात. काम हरियाणात, गुरुग्राम-मानेसर-फरिदाबाद पट्ट्यात सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या पट्ट्यातही आलं. अहवालांत दर वर्षी साधारण एकच चित्र दिसतं. चिरडण्याच्या जखमांपैकी जवळपास निम्म्या पॉवर प्रेसवरच्या आहेत. जखमी झालेला कामगार सरासरी दोनच्या आसपास बोटं गमावतो. बहुतेक जण तरुण आणि परप्रांतातून आलेले आहेत. आणि अपघात मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत कमी, साखळीत खाली असलेल्या छोट्या पुरवठादारांकडे जास्त होतात.

संशोधनाच्या विद्यार्थ्याने हे वाचून नुसतं हळहळू नये. अहवालाचीही परीक्षा घ्यावी. पहिला प्रश्न असा की नमुना कुठून आला? संस्था ज्या जखमी कामगारांपर्यंत पोचते आणि ज्यांना कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे, म्हणजे ईएसआयसीचे, लाभ मिळवून द्यायला मदत करते, मुख्यतः त्यांच्याकडून. जो कोणापर्यंत पोचलाच नाही, ज्याच्या बोटांवर मालकाने खासगी दवाखान्यात टाके घालून त्याला गावी पाठवलं, तो या आकड्यांत नाही. दुसरा प्रश्न छेदाचा. एकूण किती प्रेस, किती ऑपरेटर, किती स्ट्रोक हे माहीत नसताना ‘अपघाताचा दर’ काढता येत नाही. त्यामुळे या अहवालावरून ‘चाकण मानेसरपेक्षा सुरक्षित आहे’ किंवा नाही, असं म्हणणं चूक ठरेल.

मग अहवाल निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. तो दर सांगत नाही, आकृतिबंध सांगतो: कोणतं मशीन, कोणत्या थरातला कारखाना, कोणत्या परिस्थितीतला माणूस. बऱ्याच जखमींना ईएसआयसीचं कार्ड अपघातानंतरच मिळालं, हे त्यातलं एक निरीक्षण घ्या. वरवर ते कागदपत्रांबद्दल आहे. पण मला त्यात मोजमापाचा मोठा दोष दिसतो. माणूस नोंदीत येतो तोच अपघातामुळे, तर नोंदीवरून धोका मोजणारी कुठलीही पद्धत आधीपासूनच वाकडी असणार. मशीन लर्निंगने ‘अपघाताचा अंदाज’ वर्तवणारे पेपर हल्ली बरेच येतात. त्यांना विचारायचा पहिला प्रश्न हाच: तुमच्या डेटामध्ये कोण नाही?

धोकादायक भाग झाकायची सक्ती आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिलेली होती. म्हणजे ज्ञान नव्हतं म्हणून बोटं गेली, असं म्हणायला जागा नाही. ज्ञान आणि मशीन यांच्यामधल्या अंतराचा अभ्यास कोणी करायचा हे ठरलेलं नाही, आणि माझ्या मते खरी पोकळी तिथे आहे.

‘सरासरी माणूस’ कोण?

आता हाच मुद्दा प्रेस शॉपच्या बाहेर नेऊन बघू, म्हणजे तो फक्त कामगारांपुरता नाही हे कळेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी भारत एनकॅप योजना लागू झाली. तिचं कामकाज भोसरीतल्या सीआयआरटीकडे आहे, म्हणजे आपल्या शेजारीच. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत चालकाच्या जागी बसवतात तो पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा असतो, वजन साधारण ७८ किलो. जगभरात अनेक दशकं हेच चाललंय. जो ‘बाईचा’ पुतळा वापरात होता तोही मुख्यतः पुरुषाच्या पुतळ्याचंच लहान केलेलं रूप.

‘बायका गाडी चालवतात, त्यांचं काय?’ हा प्रश्न वीस वर्षांपूर्वी परिषदेत कोणी विचारला असता तर कोणत्या सत्रात पाठवला गेला असता, ते तुम्हीच सांगा. २०११ साली अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टा लावलेल्या स्त्री-चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुष-चालकांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. ‘सामाजिक’ वाटणारा प्रश्न मानेच्या स्नायूंचा, सीटच्या उंचीचा आणि पट्ट्याच्या कोनाचा निघाला. पुढे २०२२ मध्ये स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा पुढे आणला.

संगणकशास्त्रात असंच घडलं. २०१८ च्या एका परिषदेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. एकूण सरासरी अचूकता बघणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. त्यांनी भाषण केलं नाही, तक्ता मांडला. म्हणून तो पेपर टिकला.

विरोधी बाजूचं काय?

माझ्या लॅबमधल्या एका सीनिअरचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते टाकाऊ नाही. तो म्हणतो, “वेळ बारा मिनिटं असतो. आपल्याला समाजशास्त्र येत नाही. न येणाऱ्या विषयावर मोठ्या आवाजात बोललं की परिषदेची सभा होते.”

यातलं बरंचसं मला मान्य आहे. चाळीस मिनिटांच्या त्या पॅनलमध्ये ‘तंत्रज्ञान शेवटच्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे’ हे वाक्य पाचही वक्त्यांनी आपापल्या शब्दांत म्हटलं होतं. ते वाक्य चूक ठरूच शकत नाही, म्हणून त्यातून काही कळतही नाही. सक्तीनेही काम होत नाही. न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या परिषदेने २०२० मध्ये प्रत्येक पेपरला सामाजिक परिणामांचं निवेदन जोडायला लावलं, आणि पुढच्याच वर्षी त्याऐवजी प्रश्नांची यादी आणली. स्वतंत्र परिच्छेद लिहायला सांगितला की लोक स्वतंत्र परिच्छेद लिहितात, पद्धत तशीच राहते, हा धोका त्यात होताच.

पण सीनिअरच्या युक्तिवादातून ‘म्हणून बोलू नका’ हे निघत नाही, ‘म्हणून नेमकं बोला’ हे निघतं. आपल्याला समाजशास्त्र येत नसेल तर ज्याला येतं त्याला सहलेखक करा. प्रेस चालवणारा माणूस चाचणीच्या वेळी बोलवा. बारा मिनिटांत एक स्लाइड पुरते: ही यंत्रणा कोणत्या मशीनवर, कोणत्या शिफ्टमध्ये, कोणाच्या हातात तपासली आणि कुठे तपासली नाही.

माझी कसोटी साधी आहे. सामाजिक मुद्दा मांडल्यावर पेपरमधली एखादी गोष्ट बदलते का ते बघा: एखादं चल, एखादं गृहीतक, नमुन्याची निवड, डिझाइनची एखादी अट. बदलत असेल तर तो मुद्दा त्याच सत्रात, त्याच पेपरवर विचारा. काहीच बदलत नसेल तर तो मुद्दा कितीही चांगला असला तरी त्याची जागा दुसरीकडे आहे.

तुम्ही काय करू शकता

परिषदेला जायच्या आधी आपल्याच कामाला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा.

एक, माझ्या प्रयोगातला ‘वापरणारा’ कोण आहे? त्याची उंची, भाषा, शिफ्ट, पगार ठरण्याची पद्धत मी कुठे गृहीत धरली आहे का?

दोन, माझ्या डेटामध्ये कोण येऊच शकत नाही?

तीन, माझी यंत्रणा कोणी बंद पाडली, तर त्याला तसं करायला कोणतं कारण पुरेल? ‘निष्काळजीपणा’ हे उत्तर चालणार नाही. तो फक्त शेरा झाला.

चार, माझं उपकरण सगळ्यात जुन्या, सगळ्यात स्वस्त मशीनवर चालेल का? चालत नसेल तर ते मी कुठे लिहिलंय?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लॅबमध्ये बसून भागणार नाही. आपल्या पट्ट्यात राहणाऱ्यांना लांब जावं लागत नाही. भोसरी, तळवडे, चाकण, कुठेही ओळखीतून एखाद्या शॉपमध्ये अर्धा दिवस उभं राहता येतं. आधी परवानगी घ्या, फोटो काढू नका, ऑपरेटरच्या कामात आडवे येऊ नका, आणि मालकाला चोर समजून जाऊ नका. त्याचाही हिशोब ऐकून घ्या, कारण क्लच बदलायचा खर्च त्याच्या खिशातून जातो.

त्या परिषदेनंतर मी माझ्या पोस्टरकडे परत बघितलं. माझाही सेन्सर ‘मशीन थांबेल’ असं गृहीत धरूनच बनवलेला होता. सकाळी सत्राध्यक्षांवर नाक मुरडताना ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात मर्यादांच्या प्रकरणात पहिलं वाक्य पिन क्लचबद्दल आहे. गाइड म्हणाल्या, “एवढ्या पुढे कशाला लिहितेस? परीक्षक तिथेच धरतील.” मी म्हटलं, “धरू देत मॅडम. आत्तापर्यंत कोणी धरलं नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे.”

तो मुलगा पुन्हा भेटला नाही. पुढच्या परिषदेत तुमच्या मागच्या रांगेत तो किंवा त्याच्यासारखा कोणी उठला आणि अध्यक्षांनी त्याला संध्याकाळच्या सत्रात पाठवलं, तर तुम्ही उठा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्याच सत्रात.